बसतंय की!

सोलापुरातल्या जुन्या गाड्यांच्या गॅरेजात तीन क्रियापदांवर सगळा कारभार चालतो: बसणं, जुळणं आणि चालणं. परगावच्या माणसाला ही तिन्ही एकच वाटतात आणि तिथंच त्याच्या खिशाला भोक पडतं. पार्ट 'बसतो' म्हणजे हातोडीच्या मध्यस्थीनं का होईना, आपल्या जागी जातो. 'जुळतो' म्हणजे जागी गेल्यावर शेजारच्या पार्टशी भांडण काढत नाही. आणि 'चालतो' म्हणजे गाडी सकाळी होटगी रोडवरून निघते आणि संध्याकाळी स्वतःच्या चाकांवर परत येते. मिस्त्री हमी देतात ती फक्त पहिल्या क्रियापदाची. "बसतंय की ओ मालक," असं ते म्हणतात. त्या 'की'मध्ये दिलासा असतो, आत्मविश्वास असतो आणि 'आता पुढचे प्रश्न नकोत' अशी सूचनाही असते.

हे व्याकरण समजायला एका कॉन्टेसामालकाला अकरा महिने लागले.

मालक सुताचे व्यापारी. घरी रोजच्या वापराला एक शहाणी, हप्त्यावरची, कुठल्याच गोष्टीचा आवाज न करणारी गाडी. पण लहानपणी त्यांनी साखर कारखान्याच्या चेअरमनची पांढरी कॉन्टेसा पाहिली होती. मागच्या काचेला पडदे, आत चेअरमन, मागं धुरळा आणि धुरळ्यात पळणारी पोरं. त्या पोरांत हेही होते. सोलापूर जिल्ह्यात कारखाने भरपूर असले तरी चेअरमन व्हायची संधी सगळ्यांनाच मिळत नाही. म्हणून मग त्यांनी कॉन्टेसा घेतली.

कॉन्टेसाला भारताची मसल कार म्हणायची आता पद्धत पडली आहे. लांब बॉनेट, रुंद खांदे, जमिनीलगत पसरलेली बसकण. लांबून पाहिलं तर अमेरिकेतल्या एखाद्या दांडगट गाडीची मावसबहीण वाटते. पण जवळ जाऊन हिशेब मांडला की गंमत कळते. १९६४ मध्ये पाँटिॲकनं मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं, ३२५ अश्वशक्तीचं इंजिन कोंबलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. मसल कारची वंशावळ बहुतेक लोक तिथून मोजतात. मध्यम गाडी, मोठं इंजिन, असं ते सूत्र. वीस वर्षांनी, १९८४ मध्ये, उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सनं हेच सूत्र उलटं करून पाहिलं. मोठी गाडी, लहान इंजिन. साचे इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलकडून आणलेले. ती गाडी तिकडं १९७२ मध्ये आली होती आणि १९७८ पर्यंत निवृत्तही झाली होती. तिच्या पोटात बसवलं अँबेसडरचं १४८९ सीसीचं, पन्नासेक अश्वशक्तीचं इंजिन. कॉन्टेसा या इटालियन शब्दाचा अर्थ सरदारीण. ही सरदारीण चढावर आली की ट्रकवाले तिला साइड मागत.

पुढं कंपनीनंच चूक सुधारली. जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला, गाडीला 'क्लासिक' असं नाव मिळालं आणि तिनं खऱ्या अर्थानं कात टाकली. २००२ मध्ये उत्पादन थांबलं. तोपर्यंत देशात मारुतीचं राज्य येऊन स्थिरावलं होतं आणि सरदारणींना बाजारात कुणी विचारत नव्हतं.

आपल्या मालकांची गाडी या दोन युगांच्या सांध्यावरची निघाली. मूळ गाडी जुनी, छोट्या इंजिनाची, चार गिअरची. मधल्या कुणा मालकानं तिच्यात इसुझूचं इंजिन टाकून घेतलं, आरटीओत रीतसर नोंदही केली. पण गिअरबॉक्स जुनाच ठेवला. बचत म्हणून. आता इसुझूच्या इंजिनाचे बोल्ट आणि जुन्या बॉक्सचे बोल्ट एका रांगेत येणं शक्यच नव्हतं. म्हणून मध्ये जाड लोखंडी पट्टी कापून घातलेली. एका बाजूला जपानी भोकं, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश. दुभाष्यासारखी ती पट्टी कित्येक वर्षं दोघांमध्ये उभी होती.

गेल्या वर्षी सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याची यात्रा होम मैदानावर भरलेली असताना गाडीच्या पोटातून खडी दळल्यासारखा आवाज आला. मिस्त्रींनी बॉक्स उतरवला, तेल घमेल्यात ओतलं. तेलात चांदीचा वर्ख तरंगत होता. बर्फीवर शोभला असता. तळाशी तीन दात.

"दुसरा गेला," मिस्त्री म्हणाले, जसं कुणी घरातल्या मुलाबद्दल बोलावं.

मालकांचा पहिला विचार व्यापाऱ्याचा. एक गिअर गेला तर एक गिअर आणू. मिस्त्रींनी मान हलवली. बॉक्समध्ये गिअर एकटा राहत नाही. वरच्या शाफ्टवरच्या प्रत्येक चाकाला खालच्या शाफ्टवर जोडीदार असतो, आणि खालचे सगळे जोडीदार एकाच अखंड शाफ्टवर कोरलेले असतात. एकाचे दात तुटले म्हणजे समोरच्याचेही चावून झालेले असतात. नवं चाक जुन्या जोडीदाराला लावलं तर ते बसतं, जुळत नाही, आणि चाललं तर ऐकवत नाही. शिवाय दात तिरके कापलेले असतात, त्या तिरकेपणाचा कोन ठरलेला असतो. दात मोजून सारखे भरले तरी कोन वेगळा निघाला की नमस्कार.

दात मोजण्याच्या बाबतीत सोलापूरकराला कमी लेखू नये. १८७७ मध्ये इथं पहिली कापडगिरणी उभी राहिली तेव्हापासून या गावाचं पोट दातेरी चाकांवर आहे. मागावर चादर विणताना इंचात आडव्या धाग्याच्या किती फेऱ्या बसायच्या हे एक छोटं बदलतं चाक ठरवतं. त्याचे दात बदलले की कापडाची वीण बदलते. त्यामुळं पूर्व भागातल्या पोरालाही गिअर रेशो शाळेत शिकवावा लागत नाही. मिस्त्रींच्या शेजारी लेथ चालवणारे अण्णा आधी मागाची चाकं दुरुस्त करायचे. त्यांनी तुटलेलं चाक हातात घेतलं, तेलुगूत दात मोजले, आकडा मराठीत सांगितला, पलीकडच्या गिऱ्हाइकाला कन्नडात थांबायला सांगितलं आणि पट्टी घालणाऱ्या अज्ञात कारागिराला दखनीत शिवी दिली. सोलापुरात भाषा अशा गिअरसारख्या बदलतात, आणि क्लच कुणी दाबत नाही.

निर्णय झाला. जुना बॉक्स बाद, पट्टी बाद, इसुझूचाच पाच गिअरचा बॉक्स आणायचा. उतरवलेला चार गिअरचा बॉक्स मिस्त्रींनी गॅरेजच्या कोपऱ्यात पाण्याच्या पिंपाखाली सरकवला. पिंप बरेच दिवस डुगडुगत होतं, ते थांबलं. त्या बॉक्सचा पहिल्यांदाच कुणाला तरी निखळ उपयोग झाला.

आता मालकांनी मोबाइल हातात घेतला आणि देशभरातल्या भंगारवाल्यांना फोटो पाठवायला सुरुवात केली. उत्तरं पटापट आली. सगळ्यांकडं बॉक्स होता. सगळ्यांचा ओरिजिनल होता. एकानं तर पाठवलेलाच फोटो परत पाठवून "यही है" असं कळवलं.

हे चाललेलं असताना बाईसाहेब नव्या पेठेतून आल्या. त्यांनी फोटो पाहिले आणि विचारलं, "अहो, जुना पार्ट बरोबर नेणार नाही का?"

"फोटो पाठवलाय की."

"साडीचा फोटो दाखवून ब्लाउजपीस आणता येतो का?"

मराठी माणसाच्या आयुष्यात 'मॅचिंग' हा शब्द खरा कुणाचा असेल तर तो मॅचिंग सेंटरवाल्याचा. तिथं कोणी रंगाचं नाव सांगत नाही. साडीचा पदर काउंटरवर येतो, बत्तीस तागे उलगडतात, मग ट्यूबलाइटवर विश्वास नाही म्हणून सगळी मंडळी दुकानाच्या पायरीवर उन्हात येतात. तिथं ठरतं. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांचे शौकीन याच पद्धतीनं चालतात, फक्त पदराऐवजी त्यांच्या हातात इनपुट शाफ्ट असतो. इंजिनाची ताकद क्लचप्लेटच्या मधल्या भोकातून ज्या दांड्यानं बॉक्समध्ये जाते तो हा शाफ्ट, आणि त्यावरच्या उभ्या खाचा म्हणजे स्प्लाइन. शेवरले-पाँटिॲकच्या गाड्यांना इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी बनलेला चार गिअरचा बॉक्स लागायचा. त्याच्या शाफ्टवर आधी १० स्प्लाइन असत, १९७१ च्या सुमारास त्या २६ झाल्या. १० चा शाफ्ट आणि २६ ची क्लचप्लेट घेऊन बसलेला माणूस हा जगातला सर्वांत एकटा माणूस असतो. त्याच शाफ्टवर गोल खाचेच्या खुणाही असतात. दोन खाचा म्हणजे एम-२०, एक म्हणजे एम-२१, आणि एकही नसेल तर एम-२२. सर्वांत महागडा तो हा बिनखाचेचा. त्याचे दात कमी तिरके कापलेले, त्यामुळं मजबूत, आणि त्यामुळंच कर्कश. अमेरिकेत त्याला कौतुकानं 'रॉक क्रशर', म्हणजे खडी फोडायचं यंत्र, म्हणतात आणि त्याच्यासाठी जास्तीचे डॉलर मोजतात. तसा आवाज मालकांच्या गाडीत फुकट येत होता. आपल्याकडं त्याला बिघाड म्हणतात, एवढाच फरक.

तिकडं आणखी एक खूळ आहे. गाडीच्या नंबराचा काही भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर ठोकलेला असतो. तो जुळला तर गाडी कुलीन. नाही जुळला तर लिलावात किंमत पडते. आपल्या आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो. गिअरबॉक्सची नोंद कुठंच नाही. सरकारदरबारी तो अस्तित्वातच नसतो. त्यामुळं भारतातल्या कुठल्याही गिअरबॉक्सचा भूतकाळ विचारायचा नसतो.

बाईसाहेबांचं ऐकून मालकांनी इसुझूच्या बॉक्सला लागणारी क्लचप्लेट सोलापुरी चादरीत गुंडाळली आणि प्रवासाला निघाले. पहिला मुक्काम पुण्याचा जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो. मालक गुरुवारी पोचले. रविवारी पुन्हा गेले. तिथं ग्रामोफोनचा कर्णा, ब्रिटिश कुलूप, पितळी कंदील आणि एका दुकानात कॉन्टेसाचं एक हबकॅप मिळालं. गिअरबॉक्सबद्दल विचारल्यावर दुकानदारानं "कुर्ल्याला जा" असं सांगितलं. जुन्या गाडीच्या पार्टाबद्दल भारतात कुठंही विचारलं तर हेच उत्तर येतं. फक्त कुर्ल्याच्या जागी कधी चेन्नईचं पुदुपेट येतं, कधी दिल्लीची मायापुरी, कधी कोलकात्याचा मल्लिक बाजार.

कुर्ला म्हटलं की सोलापूरकरानं खरं तर छाती काढून जायला हवं. वालचंद हिराचंद दोशी या गावचे, जन्म १८८२ चा. विमान, जहाज आणि मोटार ही तिन्ही यंत्रं देशात बनली पाहिजेत असा ध्यास घेतलेला माणूस. बंगळुरात १९४० मध्ये विमानाचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजबांधणी, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडायला लागल्या. करार क्रायस्लरशी, म्हणून डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावं. फियाट नंतर आली आणि प्रीमियर पद्मिनी होऊन मुंबईची काळीपिवळी बनली. त्याच क्रायस्लरनं पुढं साठच्या दशकात डॉज चार्जर आणि प्लिमथ रोडरनर या अस्सल मसल गाड्या काढल्या. म्हणजे मसल कारवाल्यांशी सोयरीक सोलापूरनं त्यांना मसल येण्याआधीच केली होती. (त्या क्रायस्लरच्या बॉक्सनाही स्प्लाइनचा रोग होताच. मोठ्या इंजिनांना १८, बाकीच्यांना २३. आकडा कमी, पण दांडा जाड. गिऱ्हाइकाला वाटतं जास्त स्प्लाइन म्हणजे जास्त चांगला, आणि तो फसतो.)

तर सोलापूरच्या माणसानं जिथं मोटारीचा कारखाना काढला, त्याच कुर्ल्यात सोलापूरचा माणूस बगलेत चादर घेऊन भंगारात गिअरबॉक्स शोधत फिरत होता. त्यातही प्रीमियरची गाडी असती तर काही बोलता आलं असतं. काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण इतकी वर्षं हजारो टॅक्स्या पळाल्यामुळं तिचे पार्ट अजून ढिगानं आहेत. मालकांची गाडी बिर्लांची. गाववाल्याला सोडून दुसऱ्याच्या घरी मुक्काम करायचा आणि उशी मिळाली नाही म्हणून रडायचं, असा हा प्रकार.

भंगारात तेलकट बॉक्सची रास होती. मालकांनी चादर सोडून क्लचप्लेट काढली आणि एकेका शाफ्टवर चढवून बघायला लागले. पहिला घट्ट. दुसरा सैल. तिसऱ्याला चढली, पण त्या बॉक्सचं तोंड निराळं. दुकानदार आधी हसला, मग चहा मागवला, मग गंभीर झाला आणि शेवटी स्वतःच आतून एक बॉक्स घेऊन आला. प्लेट शाफ्टवरून अशी सरकली, जशी बांगडी मापाच्या हातात जाते. "कुठल्या गाडीचा?" मालकांनी विचारलं. "सरकारी गाडीचा," दुकानदार म्हणाला.

हे खोटं नसावं. नव्वदच्या दशकात हिंदुस्तान मोटर्सनं अँबेसडरलाही इसुझूचं १८०० चं इंजिन आणि पाच गिअर दिले होते. आयएसझेड म्हणत तिला. ती कित्येक सरकारी कचेऱ्यांत राबली. सरकारी गाडीचा बॉक्स घेण्यात एक फायदा असतो. वरचे गिअर कोरे करकरीत निघतात.

आता तो सोलापूरला आणायचा. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रीची, सकाळी घरी. रेल्वेत स्लीपरला ४० किलो सामान फुकट नेता येतं. बॉक्स तेल काढून, स्वच्छ पुसून, मनात देवाचं नाव घेऊन तोलला तर बरोबर तेवढाच भरत होता. मालकांनी त्याला चादरीत गुंडाळून खालच्या बर्थखाली ठेवलं. कुर्डुवाडीच्या आसपास समोरच्या आजींनी झोपेतून उठून विचारलं, "काय हाय ओ त्यात?" मालक म्हणाले, "गिअरबॉक्स." आजी थोडा वेळ चादरीकडं बघत राहिल्या. "चादर चांगली हाय," म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

गॅरेजात बॉक्स इंजिनाला लावला आणि तो खुट्ट असा आवाज करून बसला. पट्टी नाही, हातोडी नाही. मिस्त्रींचा चेहरा उतरला. इतक्या सहज बसलेल्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. आणि ते बरोबरच होते, कारण बसण्याचं पर्व संपून जुळण्याचं पर्व आता सुरू होणार होतं.

आधी गिअरची दांडी. ती जुन्या दांडीपेक्षा चार बोटं मागं निघाली, गाडीच्या पत्र्यात भोक पुढं. नवं भोक पाडलं, जुन्या भोकावर पत्रा ठोकला. मग प्रॉपेलर शाफ्ट. पाच गिअरचा बॉक्स लांब, त्यामुळं मागचा शाफ्ट तेवढाच लांब ठरला. तो कापून, वेल्डिंग करून, पुन्हा तोल साधून बसवायचा. तोल अर्धवट साधला तर गाडी साठपर्यंत सुसंस्कृत असते आणि सत्तरला अंगात आल्यासारखी घुमते. मग बोल्ट. ब्रिटिश वारशाचे इंचात, जपानी मिलिमीटरमध्ये. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि गॅरेजातला पोऱ्या त्याला १३ नंबरचा पाना लावतो. शून्य पूर्णांक तीन दशांश मिलिमीटरच्या त्या फटीत भारतातल्या कित्येक बोल्टांची डोकी गोल झाली आहेत. तेलाचाही घोळ झाला. पोऱ्या "नव्वद नंबर" म्हणून जे घेऊन आला ते मागच्या डिफरन्शियलचं. त्यातली औषधं बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना हळूहळू खातात. मिस्त्रींनी डबा परत पाठवला. अख्ख्या प्रकरणात ते पहिल्यांदाच "नाही बसत" म्हणाले, आणि तेही तेलाबद्दल.

शेवटी एक बुश अडला. क्रँकशाफ्टच्या शेपटीत बोटभर पितळी नळी असते, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक तिच्यात टेकतं. ती झिजली होती. गावभर शोधूनही मिळेना. याच सोलापुरात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आहे. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा कंपन्यांच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट इथं बनून जगभर जातात. केसाच्या जाडीपेक्षा बारीक मापात काम करणारं हे गाव. आणि मालकांना सव्वा इंचाचा बुश मिळत नव्हता. शेवटी अण्णांनी लेथवर फॉस्फर ब्राँझचा तुकडा लावला आणि विडी संपायच्या आत बुश हातात ठेवला. माप घेतलं तेव्हा त्यात काढण्यासारखं किंवा घालण्यासारखं काही नव्हतं. "किती झाले?" म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "चहा सांगा."

पुढच्या गड्ड्याला महिना उरला असताना गाडी पुणे रस्त्यावर मोहोळच्या दिशेनं निघाली. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा लोण्यात सुरी जावी तसा गेला. पाचव्याला मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काटा साठवर होता. पण मिस्त्री शेजारी बसून किलोमीटरचे दगड आणि मनगटावरचं घड्याळ बघत होते. साठच्या वेगाला एका दगडापासून दुसऱ्याला साठ सेकंद लागायला हवेत. लागले बहात्तर.

"मालक, काट्याला साठ, रस्त्याला पन्नास."

कारण उघड होतं. स्पीडोमीटरला फिरवणारं चाक बॉक्सच्या शेपटीत असतं, आणि ते अँबेसडरच्या मागच्या चाकांचा आणि डिफरन्शियलचा हिशेब धरून कापलेलं. कॉन्टेसाचा हिशेब निराळा. म्हणजे आता क्राऊन-पिनियनचे दात मोजणं आलं. समजा पिनियनला ९ आणि क्राऊनला ४१ असतील, तर ४१ ला ९ नं भाग जात नाही. तो मुद्दामच जाऊ देत नाहीत. एक दात त्याच दाताला पुन्हा भेटायला पिनियनच्या ४१ फेऱ्या लागतात, त्यामुळं झीज सगळ्यांत वाटली जाते. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून तयार करतात, दोघांवर एकच नंबर टाकतात, आणि एकाला बदलायचं तर दोघांना बदलावं लागतं. हे सगळं मिस्त्रींनी समजावून सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पुन्हा कुर्ला?"

"कशाला ओ? काट्याखाली चिठ्ठी लावू. साठ म्हणजे पन्नास. उलटं असतं तर चलान आलं असतं."

चिठ्ठी लागली. शर्टाच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यावर, बाईसाहेबांच्या अक्षरात.

आता गाडीला 'व्हिंटेज' पाटी लावून घ्यावी असं मालकांच्या मनात आलं. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज गाडीच्या नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. मात्र त्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण लागतात आणि गाडीत ठळक फेरफार चालत नाहीत. १९८४ ची पहिली कॉन्टेसासुद्धा त्या मापात २०३४ ला बसेल. तोपर्यंत ती नव्या गाड्यांत म्हातारी आणि म्हाताऱ्या गाड्यांत पोरसवदा. आणि फेरफाराचं म्हणाल तर मालकांच्या गाडीत इंजिन जपानी, बॉक्स सरकारी, अंग इंग्रजी आणि बुश अण्णांचा.

गड्ड्याच्या दिवसांत, मालक हिशेब चुकता करायला गॅरेजात बसलेले असताना, कलबुर्गीहून एक गृहस्थ आले. त्यांच्याकडंही कॉन्टेसा; पण सुरुवातीच्या काळातली, अस्पर्श, छोट्या इंजिनाची. कंपनीतून आली तशीच ठेवायची, एकही वस्तू परकी नको, असा त्यांचा हट्ट. त्यांच्या चार गिअरच्या बॉक्सचं बाहेरचं खोकं तडकलं होतं. आतले गिअर ठणठणीत होते, फक्त खोकं हवं होतं. पुणे झालं, कुर्ला झालं, मल्लिक बाजारात फोन झाले. कुणाकडंच नाही. त्यांनी चादरीत गुंडाळलेला तडकलेला तुकडा सोडून मिस्त्रींच्या पुढं ठेवला आणि जो आकडा बोलले तो मालकांनी पाच गिअरसाठी कुर्ल्यात मोजलेल्या रकमेपेक्षा जास्त होता.

मिस्त्रींनी मालकांकडं पाहिलं. मालकांनी कोपऱ्याकडं पाहिलं.

"पोऱ्या," मिस्त्री म्हणाले, "पिंप रिकामं कर."

पिंप दोनशे लिटरचं होतं आणि सकाळीच भरलेलं. पोऱ्यानं बादली घेतली.